चष्म्याअलीकडचं जग

परवा सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका मांजरीची चांगली पाच मिनिटं समजूत घालत होते. चष्मा कुठंतरी ठेवलेला, दूध उतू जायच्या बेतात, आणि ही काळी मांजर कठड्यावर बसून माझ्याकडं टक लावून बघतेय. "देते हो बाई, तुझ्याच वाटचं आहे," असं म्हणत मी बशीत दूध घेऊन बाहेर गेले. जवळ जाऊन बघते तर काय, यांची माकडटोपी! धुऊन वाळत घातलेली. ओसरीवर हे पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जरा निववून दे. टोपीचं तोंड भाजेल."

अशी मी! माझ्या चष्म्याचा नंबर उणे सहा. ज्यांच्या नाकावर चष्मा नाही अशा भाग्यवान मैत्रिणींसाठी सांगते, उणे सहा म्हणजे चष्मा काढला की डोळ्यांपासून सुमारे १७ सेंटिमीटरपर्यंतचंच जग स्वच्छ. वीतभरसुद्धा नाही! त्याच्या पलीकडं सगळी रांगोळी पुसल्यासारखी. डॉक्टर सांगतात की अशा डोळ्यांचा गोळाच जरा लांबट असतो, त्यामुळं बाहेरचं चित्र आतल्या पडद्यावर पडायच्या ऐवजी अलीकडंच पडतं. अंतर्गोल भिंग लावलं की ते मागं सरकून बरोबर जागेवर बसतं. म्हणजे दोष काही फार मोठा नाही, चार धाग्यांचं अंतर. पण त्या चार धाग्यांनी माझ्या जन्माचे काय काय खेळ केले ते ऐका.

माझं माहेर साताऱ्याचं. सहावीपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांनाच असंच दिसतं. फळ्यावर बाई काहीतरी पांढरं पांढरं फासतात आणि हुशार मुली त्यातून गणित ओळखतात, अशी माझी समजूत. मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची, आणि तिचा आठ मला तीन वाटला की माझं उत्तर चुकायचं. 'मुलगी जरा मंद आहे' असं ठरून गेलं होतं. मलाही ते पटलं होतं, हे त्यातलं वाईट. मग एकदा वडिलांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. मी विचारलं, "कुठली पाटी?" दुसऱ्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर झाले आणि आठवड्यात काळ्या जाड काड्यांचा चष्मा नाकावर आला.

चष्मा लावून घरी येताना कडुनिंबाला सुटी सुटी पानं असतात हे पाहिलं. ते तर सगळेच चष्मेवाले सांगतात. पण घरात पाऊल टाकलं आणि आईकडं बघितलं, तेव्हा तिच्या कपाळावर दोन आठ्या दिसल्या. लांबून बघताना माझी आई सदाहसतमुख होती. जवळ गेलं की कुशीत शिरायचं असतं, तेव्हा कोण तोंड बघतं? ती थकलेली असते, हे मला चष्म्यानं सांगितलं. आणि चष्मा बघून तिच्या कपाळावर तिसरी आठी चढली. "आता हिचं लग्न कसं जमायचं?"

झालं! तेव्हापासून पाहुणे आले की माझा चष्मा कपाटात.

१९७६ साली मंगळवेढ्याचे पाहुणे मला बघायला आले. तेव्हा नंबर उणे चार होता, म्हणजे वीतभर जग माझ्या ताब्यात. पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर आले, मोठी माणसं असतील त्या दिशेनं वाकून नमस्कार केला. पलीकडं बाकावर दोन तरुण बसले होते. डावीकडचा गप्प, उजवीकडचा बोलका. उजवीकडच्यानं मला, वाचायला काय आवडतं, स्वयंपाकात काय काय येतं, असं विचारलं. आवाज मोठा गोड होता. बाकी मला एक निळा शर्ट आणि एक पांढरा शर्ट एवढंच दिसत होतं. पांढरा शर्ट बोलतोय म्हणजे तोच मुलगा, असं मी धरून चालले. रात्री आईनं विचारलं, "काय गं, पसंत आहे का?" मी लाजून हो म्हटलं.

लग्नातही चष्मा नव्हताच. अंतरपाट दूर झाला, हार घालायला पुढं झाले, आणि तो चेहरा माझ्या वीतभर जगात आला तेव्हा काळजात धस्स झालं. हा पांढऱ्या शर्टाचा नव्हे, निळ्या शर्टाचा गडी! बोलका होता तो यांचा मित्र. मुलाला बोलायची लाज वाटते म्हणून बरोबर आणलेला. सनई वाजत होती, अक्षता पडत होत्या, हातात हार होता. आता काय करायचं? मी हार घातला.

ही गोष्ट मी यांना लग्नानंतर सहा महिन्यांनी सांगितली. वाटलं, रागावतील. हे हसत सुटले. मग म्हणाले, "तुला चष्मा आहे हे मला त्या दिवशीच कळलं होतं. नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्याच्या खुणा होत्या. पण घरी बोललो असतो तर आईनं मोडता घातला असता. म्हणून गप्प बसलो." म्हणजे बघा, मी चुकीच्या माणसाला हो म्हटलं होतं आणि बरोबर माणसानं माझं बिंग झाकलं होतं. त्या गप्प बसण्याची किंमत मला गोड आवाजापेक्षा पुढं फार जास्त वाटली.

सासरी आल्यावर चष्मा ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी. रात्री दार लावलं की लावायचा, पहाटे पुन्हा ठेवून द्यायचा. मंगळवेढ्याचा वाडा मोठा, माणसं भरपूर. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. काळी जमीन, भाद्रपद-अश्विनात पेरायचं, आणि मग पावसाची फारशी वाट न बघता जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक उभं राहतं. त्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. तर सांगायचं म्हणजे, घरात जिकडंतिकडं ज्वारीची पोती. पंधरा दिवस मी माणसं आवाजावर आणि चालीवर ओळखली. मामंजी खाकरून येत, जाऊबाईंच्या पायात जोडवी वाजत, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळे.

सोळाव्या दिवशी घात झाला. ओसरीवर मामंजी खांबाला टेकून बसलेले दिसले. डोईला लाल पटका. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, चहाचा कप घेऊन गेले, खाली मान घालून म्हटलं, "मामंजी, चहा." उत्तर नाही. वाटलं, डुलकी लागली असेल. पुन्हा म्हटलं, "मामंजी, निवतोय हो." तेवढ्यात मागून मामंजींचाच आवाज आला, "सूनबाई, त्याला साखर कमी लागती."

ते ज्वारीचं पोतं होतं. मामंजींनी हात-पाय धुवायला जाताना पटका काढून त्याच्यावर ठेवला होता.

सगळा वाडा हसून लोटपोट झाला. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाल्या, "पोरी, तुला दिसत नाही व्हय गं?" मला रडू फुटलं. म्हटलं, आता साताऱ्याला परत. आत्याबाईंनी विचारलं, "चष्मा हाय?" मी मान हलवली. "मग ट्रंकेत काय त्याला अंडी घालायला ठिवलाय? जा, घालून ये." मी चष्मा लावून आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आमच्या गावाला हे काय नवं न्हाई. बादशानं देवाला वळखलं न्हाई, तू पोत्याला सासरा केलास. चालायचंच!"

दामाजीपंतांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. पंधराव्या शतकात दामाजीपंत बीदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं लोकांना मोकळी करून दिली. बादशहानं त्यांना पकडून आणायचा हुकूम दिला. तेव्हा साक्षात विठ्ठल विठू महार होऊन बीदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे पैसे मोजून पावती घेऊन आला, अशी कथा आहे. आमच्याकडं सून आली की महिनाभरात तिला दामाजीच्या देवळात ही गोष्ट दहा तोंडांनी ऐकायला मिळते. पण त्या दिवशी आत्याबाईंनी ती ज्या अंगानं सांगितली, ते माझ्या मनात कायमचं राहिलं. देव समोर उभा होता आणि बादशहाला काठी-घोंगडीवाला एक माणूस दिसला.

मग मला जाणवलं की मंगळवेढ्याच्या सगळ्याच संतांच्या गोष्टी या डोळ्यांच्याच गोष्टी आहेत. चोखोबा इथलेच. इथल्याच गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ साली ते गेले. जिवंतपणी पंढरपूरच्या देवळात त्यांना पाऊल टाकू दिलं नाही. त्यांची जात सगळ्यांना लांबून दिसली, भक्ती कुणाला जवळूनही दिसली नाही. आज त्यांची समाधी पंढरीला महाद्वारासमोर आहे, आणि लोक तिच्यापुढं माथा टेकून मग आत जातात. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. गणिकेच्या पोटी जन्मली आणि रूपानं देखणी. तिचं ते रूप तेवढं बादशहाला दिसलं, म्हणून त्यानं माणसं धाडली. तिनं विठोबाच्या पायांशी प्राण सोडला असं सांगतात. या सगळ्या लोकांचे डोळे अगदी धडधाकट होते, बरं का! एकालाही नंबर नव्हता.

असं सगळं मी ऐकलं, मान डोलावली, आणि पुढं आठ वर्षांनी स्वतःच तीच चूक केली. ती गोष्ट हसण्याची नाही. पण ती सांगितल्याशिवाय बाकीच्या गमतींना अर्थ नाही.

आमच्या वाड्याला लागून एक घर होतं. तिथल्या काकी म्हणजे माझी मंगळवेढ्यातली दुसरी आई. विरजण संपलं की भिंतीवरून वाटी पुढं करायची, भाजी जास्त झाली की तिकडं द्यायची, असं आमचं चालायचं. १९८३ च्या दिवाळीनंतर काकींचे यजमान सोलापूरला दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. पंधरा दिवस मी रोज त्यांच्याजवळ जाऊन बसत होते. मग जानेवारीत संक्रांत आली. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्यानं चष्म्यावर बसून त्याचे तुकडे केले. माझ्या नंबरची भिंगं सोलापूरहून यायची, आठ दिवस लागणार होते. मी तशीच, अंदाजानं, नवं काळं लुगडं नेसून, हातात वाण घेऊन जाऊबाईंच्या मागोमाग हळदीकुंकवाला निघाले.

त्यानंतर काकींची वाटी भिंतीवर यायची बंद झाली. मी हाक मारली की त्या आत जात. आधी वाटलं, दुःखात आहेत. मग वाटलं, लेकानं काही सांगितलं असेल. मग मलाही राग आला. असा अबोला तीन वर्षं चालला. विरजण मी पलीकडच्या गल्लीतून आणायला लागले.

१९८७ च्या श्रावणात जाऊबाईंनी एकदा सहज तोंड उघडलं. म्हणाल्या, "त्या संक्रांतीला तू काकींच्या अगदी अंगावरून गेलीस की! त्या दारात उभ्या होत्या. हसून काहीतरी बोलल्यासुद्धा. तू मान वळवलीस आणि फराफरा पुढं गेलीस. सवाष्ण वाण घेऊन निघाली, विधवेचं तोंड कशाला बघंल, असं त्या रडून म्हणाल्या होत्या."

मला घेरीच यायची राहिली. मी मान वळवली होती ती खड्डा चुकवायला. दारात कुणी उभं आहे हे मला दिसलंच नव्हतं. दारात काहीतरी पांढरं होतं, मला वाटलं, धोतर वाळत घातलंय.

तशीच उठून काकींकडं गेले. म्हटलं, "काकी, देवाशपथ सांगते, मला दिसलं नाही." काकी निवडत होत्या त्या तुरीवरून मान वर न करता म्हणाल्या, "असू दे, बाई. तुझं काय चुकलं? जगरहाटीच हाय." म्हणजे विश्वास नाहीच. कसा बसावा? मला तरी बसला असता का? शेवटी मी नाकावरचा चष्मा काढला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला. काकींना साठीतही लांबचं लख्ख दिसायचं. त्यांनी अंगणाकडं बघितलं आणि तुरीचं सूपच खाली ठेवलं.

"अगं अगं, समदं फिरतंय की! भुई वर आली! ह्यातनं तुला दिसतं?"

"ह्यातनं दिसतं, काकी. ह्याच्याबिगर दिसत नाही."

"म्हंजे ह्याच्याहून वाईट?"

"ह्याच्याहून वाईट."

काकींनी चष्मा काढला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. शास्त्र म्हणाल तर त्यांचं गणित साफ चुकीचं होतं. चांगल्या डोळ्यांवर माझा चष्मा लावला म्हणून माझ्या डोळ्यांना काय दिसतं ते कळत नाही. ती गरगर वेगळी नि माझी धुसर वेगळी. पण मी काही बोलले नाही. चुकीच्या दिसण्यानं तुटलेलं, ते चुकीच्याच दिसण्यानं जोडलं गेलं.

मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही. चष्मा नव्हता म्हणून दिसलं नाही, हे खरंच. पण चष्मा असता तर? नवं लुगडं, हातात वाण, पुढं जाऊबाई, मागं चार सवाष्णी. दारात पांढऱ्या कपाळाच्या काकी उभ्या दिसल्या असत्या, तर मी थांबले असते का? दोन शब्द बोलले असते का? खरं सांगते, मला खात्री नव्हती. माझ्याबरोबरच्या चौघींचे डोळे चांगले होते. त्यांना काकी दिसल्या होत्या. त्यासुद्धा थांबल्या नव्हत्या. म्हणजे माझा चष्मा फुटला होता हे माझं नशीबच! नाहीतर सांगायला सबबही उरली नसती.

त्यानंतरच्या संक्रांतीला, १९८८ च्या जानेवारीत, हळदीकुंकू आमच्या वाड्यात होतं. मी काकींना हाताला धरून घेऊन आले. त्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आडोशाला बसल्या. मी एकेकीला हळदीकुंकू लावत लावत त्यांच्यापाशी आले आणि करंडा पुढं केला. काकींनी चटकन पदर पुढं ओढला. हळूच म्हणाल्या, "अगं, मी हाय. चष्मा फुटला का परत?"

म्हटलं, "नाही काकी. चष्मा आहे. नीट बघूनच लावतेय."

आणि लावलं. माझा हात कापत होता. बाया गप्प झाल्या, बांगड्यांचा आवाजसुद्धा थांबला. सगळ्यांच्या माना पलंगाकडं वळल्या. तिथं आत्याबाई बसल्या होत्या. त्या वाड्यात त्यांच्या शब्दाबाहेर मांजर फिरत नसे. आता काय बोलतात? आत्याबाईंनी डोळे किलकिले केले आणि म्हणाल्या, "माज्याकडं काय बघताय? मोतीबिंदू झालाय, मला मेलीला काय दिसतंय? तिळगूळ वाटा की पोरींनो, का म्हुरत बघायचाय?"

त्यांना खरंच दिसलं नव्हतं, की दिसूनही त्यांनी न दिसल्यासारखं केलं? मी विचारलं नाही. मोतीबिंदू होता हे खरं होतं. पण त्याच संध्याकाळी ओट्यावर पडलेला एक तीळ त्यांनी बोटानं उचलून दाखवला होता, हेही खरं!

त्याच फेब्रुवारीत नेत्रशिबिरात आत्याबाईंचं ऑपरेशन झालं. त्या काळी शिबिरांतून गढुळलेलं भिंग काढून टाकत आणि वर जाड चष्मा देत. त्या चष्म्यातून सगळंच पाव-तीस टक्के मोठं दिसतं. मग काय, वाड्यात महिनाभर करमणूक. "केवढ्या भाकरी थापतेस गं, गड्यांना जेवायला बोलवलंय काय?" मामंजींकडं बघून, "नाक एवढं कधी झालं हो?" आणि माझ्याकडं बघून, "तू एवढी काळी हुतीस व्हय? मला कुणी सांगितलं न्हाई!" हात पुढं केला की भांडं त्यांना वाटायचं त्याहून लांब असायचं, म्हणून त्या हवेतच पेला पकडायच्या.

आता या बाबतीत किती पुढं गेलंय! काढलेल्या भिंगाच्या जागी डोळ्याच्या आतच नवीन भिंग बसवतात. हे पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी केलं. लढाईत विमानाच्या काचेचे, म्हणजे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसून राहिले, तरी डोळ्यांना ते खुपेनात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यातून त्यांना युक्ती सुचली. डोळ्यात गेलेलं कुसळसुद्धा कुणाच्या उपयोगी पडतं ते असं!

पुढची, १९८९ ची संक्रांत आली. आत्याबाई जाड चष्मा लावून पलंगावर. आता सबब नव्हती. काकी यायला तयार नव्हत्या, मी बळंच आणलं. कुंकू लावताना माझा हात गेल्या वर्षीपेक्षा जास्त कापला. पुन्हा तीच शांतता. आत्याबाई उठल्या. काठी टेकत आमच्यासमोर आल्या. काकींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं.

"वाकडं लागलंय," आत्याबाई म्हणाल्या. "पुस, आन् सरळ लाव."

मैत्रिणींनो, मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवायचं ठरवलं. पाठोपाठ सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. ती बातमी मी पेपरात वाचली तेव्हा आत्याबाई नि काकी दोघीही नव्हत्या. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं जरा आत गेले.

आता चष्मा पुसण्याचा विषय निघालाच आहे तर चार गोष्टी सांगते, घरात उपयोगी पडतील. चष्मा कोरड्या पदरानं पुसू नका, धुळीच्या कणांनी भिंगावर चरे पडतात. आधी पाण्यानं धुवा, साबणाचा एक थेंब लावा, मग मऊ सुती कापडानं टिपा. मूल टीव्हीला नाक लावून बसत असेल, डोळे बारीक करून बघत असेल, फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल, तर 'मंद' म्हणण्याआधी त्याचे डोळे तपासा. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे. मुलांना रोज थोडं उघड्यावर खेळू द्या, त्यानं लांबचं न दिसण्याला आळा बसतो. चाळिशीनंतर सुईत दोरा जाईना की लाजू नका. डोळ्यातलं भिंग वयानं ताठर होतं, सगळ्यांचंच होतं, म्हणून तर त्या चष्म्याचं नाव चाळिशी! मधुमेह असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा आतला पडदा तपासून घ्या. आणि माझ्यासारखा मोठा उणे नंबर असेल आणि एकाएकी डोळ्यासमोर विजा चमकल्यासारख्या वाटल्या, काळे ठिपके तरंगायला लागले किंवा पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथं घरगुती उपाय नाही, की उद्यावर ढकलणंही नाही.

तर आता माझीही पाळी आली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "आजी, आत असं भिंग बसवू की लांबचं चष्म्याशिवाय दिसेल." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी येताना जरा चुटपुटही लागली. दिवाळीत चष्मा काढला की प्रत्येक पणती मला ताटाएवढी दिसते, ते आता संपणार. एस.टी. स्टँडवर भलत्याच बाईला 'अगं किती दिवसांनी' म्हणून मिठी मारायची सोय राहणार नाही. अशाच एका चुकीच्या मिठीतून मला आटपाडीची एक मैत्रीण मिळाली आहे. ती तेव्हा माहेरचं शेवटचं माणूस पोचवून परत निघाली होती. नंतर म्हणाली, "त्या दिवशी मला कुणीतरी जवळ घ्यायला हवंच होतं, तुम्ही आलात."

हे सगळं मी यांना सांगत होते. एवढ्या वर्षांत हे अजून तसेच गप्प आहेत, निळ्या शर्टासारखे. ऐकून घेतलं. मग विचारात पडल्यासारखे म्हणाले, "म्हणजे पट्टी काढली की तू मला पहिल्यांदाच लांबून, उघड्या डोळ्यांनी बघणार."

"हो की!"

"मग पसंती नव्यानं विचारायला पाहिजे."

"अर्थात."

हे थोडा वेळ पेपरामागं गेले. मग पेपर खाली करून म्हणाले, "या खेपेला मी उजवीकडं बसतो."